जीटी ७३० + मिंट २१.३: एनव्हीडियाची पॅकेजं एकमेकांच्या उरावर बसलीत, कशी सोडवू?

माणदेशी | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, थोडं लांबण लावतो, म्हणजे नंतर "आधी माहिती द्या" असं ऐकावं लागणार नाही.

मशीन असेंबल केलेलं, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जीटी ७३० कार्ड (२ जीबी). लिनक्स मिंट २१.३, सिनॅमन. आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेतल्यात, त्या व्हिस्परकडून (आवाज ऐकून मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम) लिहून घ्यायच्या आहेत. प्रोसेसरवर फार रेंगाळतं, म्हणून कार्ड जुंपावं म्हटलं. एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे एनव्हीडियाचा कूडा (कार्डावर गणितं चालवायची सोय) रेपो, म्हणजे पॅकेजांचा साठा, जोडला आणि "सुडो एपीटी इन्स्टॉल कूडा" दिलं. तीनेक जीबी उतरलं, रीबूट केलं.

आता स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकलीय. सिनॅमन सांगतंय की हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन नाही, सगळं सॉफ्टवेअर रेंडरिंगवर चाललंय. खिडकी ओढली की मागे शेपूट राहते. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर निवडला तर निम्म्यात थांबतो. टर्मिनलमधून केलं तर डीपीकेजी (पॅकेजं बसवणारं अवजार) म्हणतं, "ट्राइंग टू ओव्हरराइट" अमुक एक लायब्ररी, "विच इज ऑल्सो इन पॅकेज" तमुक. त्यानंतर काहीही इन्स्टॉल करायला गेलं, अगदी व्हीएलसी, तरी "अनमेट डिपेंडन्सीज".

डेटाचा बॅकअप आहे. सिस्टीम नव्याने टाकायची मात्र इच्छा नाही.

खटपट्या | शनिवार, रात्री ९:५२

सोप्पंय. डीपीकेजीला "फोर्स-ओव्हरराइट" द्या, गप गिळतं. मी नेहमी तसंच करतो.

टक्स्याभाऊ | शनिवार, रात्री १०:०५

खटपट्या, दुसऱ्या कुठल्या पॅकेजला चाललं असतं. एनव्हीडियाला नको. इथे कर्नलमधलं (सिस्टीमच्या गाभ्यातलं) मॉड्यूल आणि बाहेरच्या लायब्रऱ्या यांचा आवृत्ती क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावा लागतो. जबरदस्तीने फाईल लिहिलीत की एक लायब्ररी इकडची, तिची जोडीदार तिकडची. मग "ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" येतं, आणि कुठली फाईल कुठून आली हे शोधायला डीपीकेजीचाही उपयोग होत नाही.

माझं मत विचाराल तर: सगळं पर्ज मारा (सेटिंगसकट काढा), फॉरमॅट करा, मिंट २२ टाका. तासाभराचं काम.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:३१

फॉरमॅट कशाला? बॅकअप आहे, मशीन चालू आहे, टर्मिनल मिळतंय. आधी बघू तर द्या काय झालंय.

माणदेशी, काहीही काढू नका, टाकू नका. फक्त या चार कमांड चालवा आणि काय येतं ते टाका:

एलएसपीसीआय -एनएन (त्यातली एनव्हीडिया असलेली ओळ)
डीपीकेजी -एल (त्यातल्या एनव्हीडिया असलेल्या ओळी, डावीकडच्या दोन अक्षरांसकट)
एपीटी-कॅशे पॉलिसी एनव्हीडिया-ड्रायव्हर-४७०
सुडो डीमेसेज (त्यातल्या एनव्हीआरएम ने सुरू होणाऱ्या ओळी)

पहिली सगळ्यात महत्त्वाची. जीटी ७३० हे नाव दोन अगदी वेगळ्या चिपच्या कार्डांवर छापलेलं आहे. एक फर्मी घराण्यातली जीएफ१०८, ९६ कोरची. दुसरी केप्लर घराण्यातली जीके२०८, ३८४ कोरची. खोक्यावर, बिलावर दोन्हीकडे जीटी ७३०. फर्मीसाठी शेवटची ड्रायव्हर शाखा ३९०, केप्लरसाठी ४७०. तुमच्याकडे कुठली आहे हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

शेंगदाणा_चटणी | शनिवार, रात्री १०:३८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. २०१२ मध्ये लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हीडियाला बोट दाखवून मोकळा झाला, आपण अजून डीमेसेज वाचतोय.

माणदेशी | शनिवार, रात्री ११:१०

गोदाताई, घ्या.

एलएसपीसीआय: जीके२०८बी, जीफोर्स जीटी ७३०, कंसात १०डीई:१२८७.

डीपीकेजीची यादी भली मोठी आहे, सगळी टाकत नाही. ५५० च्या बऱ्याच ओळी, डावीकडे "आयआय". दोन ओळी ४७० च्या, एकीला "आययू", एकीला "आयएफ". शिवाय ३९० च्या काही, त्यांना "आरसी".

पॉलिसीमध्ये ४७० पुढे "कँडिडेट" म्हणून जी आवृत्ती दिसते तिच्याखाली कूडा रेपोचा पत्ता आणि ६०० आकडा. उबुंटूच्या पत्त्यांपुढे ५००.

डीमेसेज मध्ये तर चक्क वाक्यच लिहिलंय. या मशीनमधलं जीपीयू ४७० च्या लीगसी ड्रायव्हरवर चालतं, आणि हा ५५० ड्रायव्हर ते दुर्लक्षित करेल, अशा अर्थाचं.

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११:४४

उत्तम. दुखणं त्या वाक्यातच आलं. १२८७ म्हणजे केप्लर, म्हणजे ४७० आणि फक्त ४७०. ५५० हा बिघडलेला नाही, तो तुमच्या कार्डासाठी नाहीच.

कूडा नावाचं पॅकेज हे नुसतं गाठोडं आहे. त्यात टूलकिटही येतं आणि रेपोतला नवा ड्रायव्हरही. ड्रायव्हर नको असेल तर "कूडा-टूलकिट" मागायचं असतं. हे व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे नवं कार्ड असतं आणि गाठोडं मुकाट चालतं.

दुसरा भाग तो ६०० आकडा. एपीटी प्रत्येक ठिकाणाला प्राधान्य देतं. नेहमीचे रेपो ५००, नुसतं मशीनवर असलेलं पॅकेज १००. कूडाच्या सूचनांमध्ये एक पिन फाईल उतरवून घ्यायला सांगतात, "कूडा-रेपॉझिटरी-पिन-६००". ती फाईल आहे तोवर एकाच नावाचं पॅकेज दोन्हीकडे असलं की कूडा रेपोचं जिंकतं. म्हणून तुम्ही ड्रायव्हर मॅनेजरमध्ये मिंटचं ४७० निवडलं असं वाटलं, तरी एपीटी ते तिकडून आणायला गेलं. काही तुकडे तिकडचे, काही इकडचे, मध्येच ५५० चा एक तुकडा जागा सोडेना. "आययू" म्हणजे उघडलं पण बसवलं नाही, "आयएफ" म्हणजे बसवताना आपटलं. "आरसी" ना घाबरू नका, ती पॅकेजं कधीच गेलीत, नुसत्या सेटिंगच्या फायली राहिल्यात.

एक विचारायचं राहिलं. ३९० तिथे कशाला आलं होतं?

माणदेशी | रविवार, सकाळी ७:५५

मशीन जोडून देणाऱ्याने काहीतरी टाकून बघितलं असेल. त्याने दिलं तेव्हा स्क्रीन नीट होती एवढंच मला माहीत. या गोंधळाआधी मी ड्रायव्हर मॅनेजर उघडलाच नव्हता.

फेडोरावाला | रविवार, सकाळी ८:२०

हे फक्त एपीटीवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. फेडोरावर आरपीएम फ्युजन, नेगाटिव्हो१७ आणि एनव्हीडियाचा कूडा रेपो हे तिघं एकत्र ठेवले की अगदी हाच तमाशा होतो. तिथे अजून एक गंमत: एकेमॉड नावाचं अवजार मॉड्यूल पार्श्वभूमीत बांधत असतं आणि लोक घाईने रीबूट मारतात. पाचेक मिनिटं थांबून "मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हीडिया" विचारायचं. आकडा आला की मग रीबूट. केप्लरसाठी आरपीएम फ्युजनमध्ये ४७०एक्सएक्स नावाची वेगळी पॅकेजं आहेत.

टक्स्याभाऊ | रविवार, सकाळी ९:०२

एक प्रामाणिक प्रश्न. केप्लरला नूव्हो का नको? मुक्त ड्रायव्हर, कर्नलमध्येच आहे, पॅकेजची भानगडच नाही. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून सही केलेल्या फर्मवेअरमुळे नूव्होला घड्याळ (चिपचा वेग) वाढवता येत नाही, पण केप्लरवर ते हाताने वाढवता येतं. ४७० चा आधार २०२४ मध्ये संपला. आता त्याला नव्या कर्नलशी जुळवून घ्यायचं काम डिस्ट्रोवाले ठिगळं लावून करतात. किती दिवस?

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

टक्स्याभाऊ, ब्राउझर, लिबरऑफिस, यूट्यूब एवढ्यासाठी मीही नूव्होच म्हणेन. पण यांना कूडा हवंय आणि नूव्होवर कूडा नाही. शिवाय मिंट २१.३ चा मूळ कर्नल ५.१५, त्यावर ४७० व्यवस्थित बांधला जातो आणि या मिंटला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत. तोवर चालेल. तुम्ही सांगितलेलं मिंट २२ टाकलं तर कर्नल ६.८ आणि त्याच्याही पुढचे येतील, तिथे तुमचा "किती दिवस" हा प्रश्न जास्त लागू पडतो.

माणदेशी, आता कामाला लागू. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (बिघडलं तर परत फिरायला सिस्टीमची प्रत) घ्या. मग:

१) कूडाची पिन फाईल आणि रेपोची फाईल दोन्ही हलवा. पिन ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी मध्ये, रेपो सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये. डिलीट नको, घरच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवा. मग "एपीटी अपडेट".

२) "एपीटी-कॅशे पॉलिसी एनव्हीडिया-ड्रायव्हर-५५०" बघा. बसवलेल्या आवृत्तीपुढे तीन चांदण्या असतात. तिच्याखाली कुठलाही पत्ता नसेल, नुसतं १०० आणि डीपीकेजी स्टेटसची फाईल दिसली, तर ते पॅकेज आता बेवारस. रेपो काढला म्हणून पॅकेज आपोआप जात नाही, बरेच जण इथेच थांबतात.

३) पर्ज. "एनव्हीडिया-" ने आणि "लिबएनव्हीडिया-" ने सुरू होणारी, शिवाय "कूडा" ने सुरू होणारी सगळी. नमुना अवतरणात लिहा, नाहीतर शेलच त्याचा अर्थ लावत बसतं. आणि एंटर दाबण्याआधी काय काय जाणार ती यादी वाचा. आधी "-एस" लावून नुसती रंगीत तालीम करा.

यादी वाचा हे दोनदा सांगतेय त्याला कारण आहे. २०२१ मध्ये यूट्यूबवाल्या लायनस सेबॅस्टियनने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम (गेमचं दुकान) टाकलं. रेपोत ३२ आणि ६४ बिटच्या पॅकेजांचा मेळ तात्पुरता बिघडला होता, एपीटीने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव दिला, आणि त्याने "येस, डू अ‍ॅज आय से" टाइप केलं. डेस्कटॉप गेला. नंतर एपीटीने ते वाक्य टाइप करून पुढे जायची सोयच आवळली. तुमच्या यादीत सिनॅमन, मिंट-मेटा किंवा एक्सऑर्ग दिसलं तर थांबा आणि इथे विचारा.

४) "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "एपीटी -एफ इन्स्टॉल".

रीबूट करू नका. इथे येऊन "मॉडइन्फो एनव्हीडिया" ची पहिली ओळ टाका. मॉड्यूल सापडलं नाही असं येईल बहुतेक.

माणदेशी | रविवार, दुपारी १२:२५

पर्जच्या यादीत एनव्हीडिया आणि कूडाच होतं, बाकी काही नाही. गेलं. अनमेट डिपेंडन्सीज पण गेल्या, व्हीएलसी बसला!

पण मॉडइन्फोला मॉड्यूल सापडतंय हो. फाईल: लिब/मॉड्यूल्स/(कर्नल)/कर्नल/ड्रायव्हर्स/व्हिडिओ/एनव्हीडिया.केओ. आवृत्ती ४७० चीच. सगळं काढल्यावर हे कुठून आलं?

खटपट्या | रविवार, दुपारी १२:३१

भूत!

गोदाकाठ | रविवार, दुपारी १:१५

भूत नाही, .रन फाईल. पॅकेजमधून डीकेएमएसने (कर्नलनुसार मॉड्यूल बांधणारं अवजार) बांधलेलं मॉड्यूल "अपडेट्स/डीकेएमएस" या फोल्डरमध्ये जातं. "कर्नल/ड्रायव्हर्स/व्हिडिओ" मध्ये एनव्हीडिया.केओ दिसलं की ते एनव्हीडियाच्या साइटवरच्या .रन इन्स्टॉलरने टाकलेलं असतं. जोडून देणाऱ्याने आधी ३९० चं पॅकेज घालून पाहिलं असेल, मग थेट .रन चालवून मोकळा झाला असेल. तेव्हा चाललं, कारण तेव्हा घरात एकच ड्रायव्हर होता.

.रन फायली थेट यूएसआरमध्ये ओततो आणि डीपीकेजीला त्याची खबर नसते. त्यामुळे पर्ज कितीही मारलं तरी ते हलत नाही. खात्री करायची तर:

डीपीकेजी -एस यूएसआर/बिन/एनव्हीडिया-अनइन्स्टॉल (इथे एस मोठा, आणि सुरुवातीला तिरकी रेघ)

फाईल जागेवर असूनही "नो पाथ फाउंड" म्हणालं तर ती कुठल्याच पॅकेजची नाही. शिवाय व्हार/लॉग मध्ये एनव्हीडिया-इन्स्टॉलर.लॉग असेल, त्यात तारीख मिळेल.

काढायचं त्याच्याच अवजाराने: "सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल". काही फायली मधल्या काळात बदलल्यात किंवा सापडत नाहीत अशी कुरकुर करेल, कारण ५५० ने त्यांच्यावर लिहिलं आणि पर्जने त्या नेल्या. करू द्या.

त्यानंतर ईटीसी/एक्स११ मध्ये एक्सऑर्ग.कॉन्फ आहे का पाहा. .रन बऱ्याचदा ती लिहून ठेवतो. आत "ड्रायव्हर" पुढे एनव्हीडिया लिहिलेलं असेल तर फाईलचं नाव बदला. नाहीतर ड्रायव्हर गेला तरी एक्स (स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्रॅम) त्यालाच हाका मारत बसेल आणि काळी स्क्रीन येईल. आली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३, लॉगिन, तिथून नाव बदला. तेही नाही जमलं तर ग्रबमध्ये (सुरुवातीचा बूट मेनू) "ई" दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१०.

हे झालं की "एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक", मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ४७०.

पुलाखालचं_पाणी | रविवार, दुपारी २:४०

बाहेरून एक भर. मी बंगळुरूत सर्व्हर सांभाळतो. "व्हर्जन मिसमॅच" दिसलं की दर वेळी पॅकेजांची मारामारीच असते असं नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्सने रात्रीत लायब्रऱ्या बदलल्या आणि जुनं मॉड्यूल अजून मेमरीत असेल तरी तोच संदेश येतो. तिथे उपाय फक्त रीबूट. लोक घाबरून पर्ज मारतात आणि नसलेला आजार ओढवून घेतात. आधी "प्रॉक" मधल्या ड्रायव्हर/एनव्हीडिया/व्हर्जन फाईलमधला आकडा आणि डीपीकेजीमधला आकडा शेजारी ठेवून बघा.

ज्या मशीनवर काम चालू असतं तिथे आम्ही ड्रायव्हरची पॅकेजं "एपीटी-मार्क होल्ड" करून ठेवतो, म्हणजे ती आपोआप बदलत नाहीत. फक्त होल्ड लावलंय हे कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" घेऊन इथेच याल.

माणदेशी | रविवार, संध्याकाळी ६:१०

आली! १९२० बाय १०८०, खिडकीची शेपूट गेली.

क्रमाने सांगतो. एनव्हीडिया-अनइन्स्टॉलने सांगितल्याप्रमाणे कुरकुर केली. एक्सऑर्ग.कॉन्फ होती, तिचं नाव बदललं. ४७० टाकताना सिक्युअर बूटचा पासवर्ड मागितला, रीबूटला निळ्या पडद्यावर "एनरोल एमओके" (मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवा) आलं, तोच पासवर्ड दिला. एनव्हीडिया-एसएमआय आता ४७० दाखवतो, कूडा ११.४. डीकेएमएस स्टेटसमध्ये एकच ओळ, "इन्स्टॉल्ड".

गोदाताई, दंडवत. आता कूडा-टूलकिट टाकू का?

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:५०

छान. निळ्या पडद्यावर घाईघाईत "कंटिन्यू बूट" दाबणारे पुष्कळ असतात, मग "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" घेऊन येतात. तुम्ही वाचलंत.

टूलकिटबद्दल वाईट बातमी. तुमच्या चिपची कंप्युट क्षमता ३.५. कूडा १२ ने केप्लर सोडून दिलं, आणि व्हिस्परखाली जे पायटॉर्च लागतं त्याच्या सध्याच्या तयार बांधणीत ३.५ साठी काही नसतं. जुन्या आवृत्त्या गोळा करून स्वतः बांधता येईल, पण २ जीबी मेमरीत व्हिस्परचं छोटं मॉडेल जेमतेम मावेल आणि मराठीला छोटं मॉडेल फार चुकतं. ओव्यांची बोली, त्यात जात्याची घरघर, कॅसेटचा खरखराट. मिडियम किंवा लार्ज शिवाय हाताला काही लागणार नाही.

व्हिस्पर.सीपीपी बघा. तोच व्हिस्पर सी++ मध्ये लिहिलेला, प्रोसेसरवर चालतो, तुमच्या आय-फाइव्हमधलं एव्हीएक्स२ वापरतो. मिडियम मॉडेल क्वांटाइझ केलेलं (आकसून लहान केलेलं) घ्या, ८ जीबीत आरामात बसेल. भाषा "एमआर" अशी स्पष्ट द्या, नाहीतर मध्येच हिंदीत घुसतो. रात्री लावून झोपा.

टक्स्याभाऊ | रविवार, संध्याकाळी ७:०५

म्हणजे शेवटी कूडा नकोच. मग मी सकाळी नूव्हो म्हणत होतो ते काय वाईट होतं? :)

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:१२

काही वाईट नव्हतं. पण नूव्हो टाकायचा तरी आधी .रनची घाण काढावीच लागली असती, त्याने नूव्हो ब्लॅकलिस्ट करून ठेवलेला असतो.

शेंगदाणा_चटणी | रविवार, रात्री ८:३०

वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका: २०२२ मध्ये एनव्हीडियाने कर्नल मॉड्यूल खुली केली म्हणे, मग हे सगळं मिटत का नाही?

पुलाखालचं_पाणी | रविवार, रात्री ९:००

ती खुली मॉड्यूल ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स १६ / आरटीएक्स २० पासून. आणि खुलं फक्त कर्नलमधलं मॉड्यूल आहे, ओपनजीएल आणि कूडाच्या लायब्रऱ्या बंदच. आवृत्ती जुळवण्याची सक्ती तशीच. उलट एक भांडण वाढलं: "-ओपन" वालं पॅकेज की बिनओपनचं. आरटीएक्स ५० मालिकेला ओपनच लागतं, जीटीएक्स १० मालिकेला ओपन चालतच नाही. मॅक्सवेल आणि पास्कलसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे, म्हणजे आज केप्लरवाल्यांचं जे झालंय ते उद्या जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० वाल्यांच्या दारात. आपल्याकडे ती कार्डं घरोघरी आहेत.

भातुकली | मंगळवार, सकाळी ११:२०

धागा वाचून माझंही मशीन तपासलं. माझंही जीटी ७३०, पण एलएसपीसीआयमध्ये जीएफ१०८ आणि १०डीई:०एफ०२ दिसतंय. म्हणजे ३९० का? उबुंटू २४.०४ आहे.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

हो, फर्मी. ३९० चा आधार २०२२ अखेर संपला, आणि २४.०४ च्या कर्नलवर तो चढवायला लागणारी ठिगळं इकडून तिकडून आणावी लागतील. त्या वाटेला जाऊ नका. नूव्होवर राहा. नुसता डेस्कटॉप आणि व्हिडिओ असेल तर कार्ड काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून बघा. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स असेल तर त्या ९६ कोरच्या कार्डापेक्षा फार काही कमी पडणार नाही, आणि वीजही वाचेल.